स्वयंपाकघरातली डबी

धनज, ता. ९ डिसेंबर

ती. ज्योत्स्नाताईस,
धाकट्या राजपालचा सा. न. वि. वि.

शनिवारी पहाटे मोतीकाकू पाठ शेकायला रेडिएटरला टेकली अन किंचाळली, त्या घडीले माझं सगळं बदललं. पाठीवर तळहाताएवढा फोड आला. शेजारच्या दौलतसिंगकाकांनी मले बजावलं, की यापुढं आमची पायरी चढायची नाही. मी घरी येऊन मोबाईल भिंतीवर आपटला. म्हणून हे पत्र. बाबांच्या फोनवरून बोलावं, तर आई शेजारी कान लावून बसते.

तुले अर्धंच ठाऊक आहे. काका वीस वर्षं शिमल्याच्या हॉटेलात ड्रायव्हर होते. हॉटेल पाडलं तेव्हा तिथला गॅसवरचा लहान बॉयलर, पत्र्याचे रेडिएटर अन भिंतीवरची थर्मोस्टॅटची डबी त्यांनी गावी आणली. थंडीत काकूचे गुडघे आखडतात, म्हणून. सारं गाव हसलं, की दहा महिने उन्हात भाजणारा माणूस दोन महिन्यांसाठी घर तापवून राह्यला. जोडणी माझ्याकडं आली. कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी लोक इंजिनिअर म्हणूनच चिडवतात ना मले!

बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरातून फिरतं, अन डबीवर लावलेल्या आकड्याएवढी हवा तापली की डबी बॉयलर थांबवते. मी डबीवर बावीस लावले. पण बॉयलर पहाटे थोडा चालायचा, मग गप. काकू झोपते ती मधली खोली गारच. काकांचा रोजचा टोमणा, की तुया बॉयलरपेक्षा माही शेळी गरम. माझं डोकं फिरलं. चालतो तेवढ्या वेळात तरी तापू दे म्हणून बॉयलरचा आकडा पार ऐंशीवर नेला. बाकी तुले सांगितलंच.

आता काकांनी शेलूबाजारच्या भंगारवाल्याले निरोप धाडला आहे. बॉयलर गेला की माझं त्या घरातलं येणंजाणं संपलं. त्यांची पोरगी नीता तर खिडकीतूनही बघत नाही. भाऊजी दवाखान्यातला बॉयलर सांभाळतात, त्यांना विचार माझं काय चुकलं. घास उतरत नाही.

लोभ आहेच, या तापट भावावर थोडा जास्त ठेव.
राजपाल

नागपूर, ता. १३ डिसेंबर

चि. राजपालास अनेक उ. आ.

भाजली काकू अन घास उतरत नाही तुझ्या गळ्याखाली, वा रे इंजिनिअर! अख्ख्या पत्रात तिची एक ओळ, बाकी सगळं तुझंच डोकं. आधी जाऊन तिची विचारपूस कर.

तुझ्या भाऊजींना पत्र वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की खोली किती गरम हवी हे डबी ठरवते, पाणी किती गरम जावं हे बॉयलर. एकाचं दुसऱ्यावर ढकलायचं नसतं. ऐंशीच्या पाण्यानं रेडिएटरचा तवा होतो. आपल्याकडची माणसं गरम दिसलं की पाठ टेकणारच, हे धरून चालायचं. बॉयलर पंचेचाळीसवर ठेव, फारच कडाका पडला तर पन्नास, अन पुढं लाकडी जाळी लाव. घर सावकाश तापेल. बॉयलर बराच वेळ चालला तरी जीव खाली-वर करायचा नाही, त्याचं ते कामच आहे.

एक मात्र त्यांना उलगडेना. खोली गार असताना डबी बॉयलर थांबवते काहून? डबी लावली कुठं रे तू?

जेवत जा. माझी माया जेवणाऱ्यावरच जास्त असते.
ज्योत्स्ना

धनज, ता. १७ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

काकूला बघायला गेलो, काकांनी दारातूनच वाटेला लावलं. काकू आतून म्हणत होती की पोराले कायले बोलता, मीच टेकली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डबी स्वयंपाकघरात आहे. वायर तेवढीच होती. त्यात एवढं विचारण्यासारखं काय? भाऊजींनी मले वायरिंग शिकवू नये.

रागावलो आहे, तरी तुझाच.
राजपाल

नागपूर, ता. २० डिसेंबर

चि. राजपालास उ. आ.

स्वयंपाकघरात! भाऊजी इतके हसले की चहा लुंगीवर सांडला. अरे, चूल पेटली की डबीला वाटतं सारं घर तापलं. ती बॉयलर थांबवते, अन काकू पलीकडं कुडकुडते.

वायर कमी पडली म्हणतोस? मधली खोली बॉयलरच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघर मागच्या टोकाला. त्या घरात मी लपंडाव खेळलेली आहे. तिथं भाकरी कोण थापतं हेही मला ठाऊक आहे, अन डबी तपासायला दिवसाआड कोण जात होतं, ते आईनं कळवलं आहे. तुला नीताला बघायचं होतं, त्यापायी काकूची पाठ भाजली. कडू लागेल, पण गिळ.

मनात असेल ते काकांना तोंडानं सांग. नसेल जमत, तर त्या घराचा रस्ता सोड. डबीच्या आडून पोरगी मागता येत नाही.

बोलले म्हणून माया आटली असं समजू नकोस.
ज्योत्स्ना

धनज, ता. २४ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडायला घेतलं होतं. पाकीट फाटलं, पत्र वाचलं.

होय, नीतासाठीच. अन तिले ते पहिल्या दिवसापासून समजलं होतं. काल नळावर आईजवळ तिनं निरोप दिला, की त्याले म्हणा आधी डबी हलव, मग माह्याकडं बघ. आई घरी येऊन माझ्याकडं बघत राहिली, मीच नजर चुकवली.

भंगारवाल्याची गाडी आज दुपारी येणार आहे. त्याआधी डबी मधल्या खोलीत न्यायची, चुलीपासून लांब, बॉयलर पंचेचाळीसवर आणायचा. जाळी सुताराकडून आणली. पण पायरीवरच काकांना सांगणार, डबी तिथं काहून लावली होती ते. ऐकून माझ्या हातातला पाना माझ्याच डोक्यात घातला तर त्यांचा दोष नाही. आत घेतलं, तरी डबी हलली की स्वयंपाकघरात जायला मले निमित्त उरत नाही. म्हणून नीताचं विचारणंही आजच. ते हो म्हणतील असं वाटत नाही. एका जागी बसवत नाही, हे पत्रसुद्धा उभ्यानं लिहून राह्यलो.

भाऊजींना माझा नमस्कार सांग, अन वायरिंगचं बोललो ते मनावर घेऊ नका म्हणावं. तुझी माया असू दे, आज लागणार आहे.
राजपाल

ता. क. आई आतून विचारून राह्यली, कुठं चालला. थांबलो तर पाय मागं येईल. निघालोच, दार ओढून घेतो.