साहेब एकटे राहायला शिकतात

४ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. उशिराचं कारण आत्ता माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसलं आहे. बाबा गेल्यापासून साहेब माझ्याकडे राहतात खरे, पण मी त्यांना पाळलंय की त्यांनी मला बांधून घातलंय, हे सांगणं कठीण आहे.

मी कामाला निघाले की ते दाराशी बसून जो गळा काढतात, तो मी संध्याकाळी परतेपर्यंत. दाराची खालची फळी नखांनी सोलून काढली आहे. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई आल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांचे यजमान आजारी असतात आणि दुपारची झोप हेच त्यांचं औषध. त्यांनी स्वच्छ सांगितलं की मार्चअखेरपर्यंत आवाज थांबला तर उत्तम, नाहीतर कुत्रा तरी ठेव नाहीतर जागा तरी. म्हाताऱ्या, रडक्या कुत्र्यासकट मला दुसरी जागा कोण देणार?

साहेबांचा दोष नाही. अकरा वर्षं ते बाबांच्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसून औषधांची खोकी दुकानोदुकानी पोचवत होते. बाबा म्हणायचे की मी नुसता ड्रायव्हर, साहेब शेजारी बसलेत. एकटं राहायची वेळच त्यांच्यावर कधी आली नाही. आता उतारवयात आली आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वय आडवं येत नाही, घाई आडवी येते. पिंजरा आणायचा, दार उघडं ठेवायचं, जेवण आतच द्यायचं. ती आपली स्वतःची खोली आहे असं त्याला वाटलं की मग हळूहळू दार लावायचं आणि हळूहळू घराबाहेर पडायचं. शिकणं चालू असेपर्यंत त्याला मुळीच एकटं सोडायचं नाही. म्हणून साहेब सध्या माझ्याबरोबर दातांच्या लॅबमध्ये येतात. मी कवळ्यांना पॉलिश करते आणि ते टेबलाखाली झोपतात. मालकांनी मार्चपर्यंत चालवून घेईन म्हटलंय.

तू लिहिलं होतंस की तुमच्याकडच्या गोदामाच्या पहारेकऱ्याला कुत्रा हवा आहे. तुझा हेतू चांगला आहे, कळतं मला. तुझे तीन मजले साहेबांच्या कमरेला झेपणार नाहीत हेही खरं. पण उघड्यावर, साखळीला? नाही आत्या. पिंजरा काल आणला. मी चंग बांधला आहे.

माया आहेच, ती कुत्र्याला वाटून थोडी माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. पिंजरा! माझ्या भावाने ज्या कुत्र्याला कधी साधा पट्टा बांधला नाही, त्याला तू लोखंडी गजाआड बसवणार? डॉक्टरीणबाई शिकलेल्या असतील, पण भाऊ असता तर त्याने तुला आणि तिला, दोघींना आत बसवलं असतं.

मी चिडले आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. चिडून झाल्यावर मी दोन दिवस मशीन बंद ठेवून विचार केला. एका हॉटेलचे पडदे शिवायचे पडलेत तरीही. गोदामाचं म्हणशील तर पहारेकरी भला माणूस आहे, पण परवा मी मुद्दाम बघून आले. जागा मलाही आवडली नाही. तरी दुसरा इलाज नसेल तर तो आहे, एवढं ध्यानात असू दे.

आता ऐक. व्हॅन विकली तेव्हा साहेब बसायचा त्या सीटची गादी मी काढून ठेवली होती. विकत घेणाऱ्याला नवी घालायचीच होती. ती माझ्या गॅलरीत पडून आहे, भाऊच्या व्हॅनचा वास अजून जात नाही तिचा. पार्सलने पाठवते. पिंजऱ्यात ती घाल. परक्या जागेत आपलं अंथरूण असलं की माणसाला झोप लागते, तशी त्यालाही लागेल. बघ, तुझ्या डॉक्टरीणबाईंना हे सुचलं नसेल.

वेळेवर जेवत जा. पत्रात कुत्र्याच्या जेवणाचा उल्लेख आहे, तुझ्या नाही.

तुझी,
आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

गादी पोचली. पुढचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच नीट आठवणार नाही.

खोकं उघडल्याबरोबर साहेबांनी घर डोक्यावर घेतलं. शेपटीने कपबशी पाडली. गादी पिंजऱ्यात टाकली मात्र, आणि जे आठ दिवस तोंडाला पाणी सुटेल असा खाऊ दाखवूनही पाऊल टाकायला तयार नव्हते, ते कुणीही न बोलावता आत गेले आणि बसले. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. दार लावलं, स्वयंपाकघरात गेले, हूं नाही की चूं नाही. दोन दिवस हेच. मला वाटलं जिंकले. तुला तार करावी असंही मनात आलं, पण आता तारा जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी दूध आणायला खाली उतरले. डॉक्टरीणबाईंनी घाई करू नकोस म्हटलं होतं, तरी उतरले. परतताना फाटकापाशीच आवाज ऐकू आला, आणि असं रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं. वर पोचले तर साहेबांनी गज चावून दाताचा तुकडा पाडला होता. तोंडाला रक्त होतं. घरमालकीणबाई माझ्या मागोमागच आल्या. त्यांनी ते बघितलं आणि त्या पाठ फिरवून खाली गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसून नीट बघितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. साहेब त्या गादीवर झोपतच नव्हते. ताठ बसायचे. कान वर, नजर समोर. आणि थोड्या थोड्या वेळाने मान वळवून ड्रायव्हर बसायचा त्या बाजूला बघायचे. आत्या, ते गाडी सुटायची वाट बघत होते.

गादी काढून माळ्यावर टाकली आहे. दात डॉक्टरीणबाईंनी घासून गुळगुळीत केला. लॅबमधले विचारतात, कुत्र्याला घरच्या घरी कवळी करून देणार का. मला हसू आलं नाही.

तुझी,
ठकू


२६ फेब्रुवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला दोन घास गेले नाहीत. मोठी शहाणी म्हणून गादी पाठवायला गेले आणि त्या मुक्या जिवाला मीच फसवलं. भाऊ येणार असं त्याला मीच सांगितल्यासारखं झालं. फार वाईट वाटतंय गं.

रागावू नकोस, पण आता पुरे कर. त्याचा एक दात गेला, तुझे दोन महिने जातील आणि शेवटी जागाही जाईल. पहारेकऱ्याला मी परत विचारलं. तो म्हणाला की साखळी बांधणार नाही, दिवसभर माणसांची ये-जा असते, कुत्रा एकटा पडणार नाही. हे मला पटलं. तुझी आई तू लहान असताना गेली, भाऊ गेला, त्यातून तुझ्या वाट्याला हे. प्रत्येक गोष्ट आपल्याच खांद्यावर घेतली पाहिजे असं कुठे आहे? तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याला शब्द देत नाही.

तुझी काळजी करणारी,
आत्या


१५ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पहारेकऱ्याला नाही म्हणून सांग. आणि पुन्हा मला त्या गोदामाचं नाव लिहू नकोस. तुझ्यावर राग नाही, पण ते नाव पत्रात दिसलं की माझे हात गळतात, आणि मला हात हवे आहेत.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. पिंजऱ्याचं दार काढूनच ठेवलं. आत साधं, धुतलेलं, कुणाचाच वास नसलेलं ब्लँकेट घातलं. साहेबांनी आत पाय ठेवला की एक घास. बसले की दुसरा. झोपले की तिसरा, आणि तोही मी त्यांच्याकडे न बघता टाकायचा. बघितलं की ते उठून उभेच राहतात. तू मला कधी बघितलं नसशील अशा तऱ्हेने मी हल्ली घरात वावरते. चपला घालून स्वयंपाक करते. किल्ल्या उचलते आणि पुस्तक वाचत बसते. खांद्याला पर्स लावून कपडे वाळत घालते. पूर्वी किल्ल्या वाजल्या की साहेबांच्या तोंडचं पाणी पळायचं, आता एक डोळा उघडून पुन्हा मिटतात. बाईचं डोकं फिरलंय अशी त्यांची खात्री झाली असावी.

मग दार परत बसवलं. लावलं, उघडलं. लावलं, खोलीबाहेर गेले, आले. घराबाहेर गेले, आले. रडायच्या आत परत यायचं, हे सगळं शास्त्र. एकदा चुकले आणि रडायला लागल्यावर आले, तर चार दिवस मागे गेलो. मी जिन्यात बसून दात ओठ खात होते. पण परवा मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन, रांगेत उभी राहून, साबण घेऊन परत आले, आणि साहेब झोपलेले होते! खरोखरचे, आडवे, पाय ताणून. ताठ बसलेले नव्हते.

घरमालकीणबाईंशी मी स्वतः जाऊन बोलले. मार्चच्या शेवटच्या कामाच्या दिवशी साहेबांना दिवसभर घरी ठेवते, जेवणाच्या सुट्टीत एकदा येऊन जाते, तुम्ही खालून कान देऊन ऐका, आणि रडले तर मी जागा सोडते, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, ठीक. आता माघार नाही.

तुझ्याकडे एक मागणं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पिंजरा तीन बाजूंनी झाकला तर त्याला जास्त सुरक्षित वाटेल. चादर सरकते आणि ते ती आत ओढून घेतात. पिंजरा लांबीला एक मीटर, उंची माझ्या मांडीपर्यंत. शिवशील का?

तुझी,
ठकू


२० मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

मांडीपर्यंत म्हणजे कुणाच्या मांडीपर्यंत? पन्नास वर्षं पडदे शिवते आहे, असं माप मला अजून कुणी दिलं नव्हतं. तुझी उंची आठवून अंदाजाने शिवलं आहे. खाली दोरे ठेवलेत, ते गजांना बांध. मागच्या बाजूला हवेसाठी जाळी आहे. कापड हॉटेलच्या पडद्यांतलं उरलेलं, जाड आणि गडद. साहेबाला पंचतारांकित खोली मिळाली म्हणायची.

पहारेकऱ्याला नकार कळवला. तो हिरमुसला, पण त्याला दुसरा कुत्रा मिळेल. तू मात्र अगदी बापावर गेलीस. तोही एकदा नाही म्हणाला की नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा, तुझा येत नाही.

एक विचारते. तीन पत्रं झाली, साहेब काय खातो, कधी झोपतो, किती रडतो, सगळं मला पाठ झालं. तू रडलीस का गं? भाऊ गेला तेव्हाही तू पाहुण्यांना चहा देत हिंडत होतीस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
आत्या


१ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आज एप्रिलची पहिली तारीख असली तरी गंमत करत नाही. साहेब राहणार!

काल सकाळी त्यांना फिरवून आणलं, जेवण आत दिलं, तुझं कापड तिन्ही बाजूंनी सोडलं, दार लावलं आणि मागे न बघता निघाले. लॅबमध्ये एका गृहस्थांच्या वरच्या कवळीत मी खालच्या कवळीचे दात बसवले. मालकांनी ते बघितलं आणि काम काढून घेतलं. दुपारी आले तेव्हा साहेब झोपलेले. बाहेर सोडलं, पाणी पाजलं, परत आत गेले, तेही आपणहून. संध्याकाळी येताना मी फाटकापाशी थांबले. काहीही ऐकू येईना. मला वाटलं, बाईंनी त्यांना सोडून दिलं असेल, किंवा काही झालं असेल.

घरमालकीणबाई पायरीवरच बसल्या होत्या. म्हणाल्या की सकाळी थोडं कुरकुरला, मग दिवसभर आवाज नाही. यजमान दुपारी झोपून उठले आणि त्यांनीच विचारलं म्हणे, कुत्रा गेला का. बाईंनी मला जवळ घेतलं. असं त्या कधी करत नाहीत.

मी धावत वर गेले. आत्या, फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने मी दार उघडलं की साहेब माझ्या अंगावर झेप घ्यायचे, रडायचे, मला पाच मिनिटं आत येऊ द्यायचे नाहीत. मी रोज त्यावर वैतागायचे. काल दार उघडलं, दिवा लावला, पिंजऱ्याचं दार उघडलं. साहेबांनी डोळे उघडले, मला बघितलं, शेपटी दोनदा आपटली आणि परत झोपले.

मी हेच तर शिकवत होते. मग मला आनंद का होईना? मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून जमिनीवर बसले आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. साहेबांसाठी नाही. ते तर घोरत होते. बाबा गेले, आत्या. इतके दिवस मी साहेबांना समजावत होते की कुणी बाहेर गेलं तरी परत येतं. काल समजावायला कुणी उरलं नाही, आणि मला कळलं की बाबा येणार नाहीत. तू विचारलंस, त्याचं उत्तर हे.

आता बरी आहे. लॅबमधून हे लिहिते आहे. साहेब घरी आहेत, एकटे.

तुझी,
ठकू


४ एप्रिल

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. आठ तारखेला सकाळच्या बसने निघते आहे, दुपारी पोचेन. माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस, तो फक्त जिना उतरताना दुखतो, आणि तुझ्या घरी आल्यावर मला लगेच उतरायचं नाही. मशीन शेजारणीकडे ठेवली, पडदे पोचते केले.

एकटं राहायला साहेबाने शिकायचं होतं. तुला कुणी सांगितलं होतं? मला भाऊ एकच होता, आणि मीही अजून नीट रडलेले नाही. दोघी मिळून एकदा मनसोक्त रडू, मग चहा टाकू.

तुझी,
आत्या