पयलं बिस्किट निवूचं

१८ एप्रिल, शुक्रवार
ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं दिली. डॉक्टर म्हणले, बीपीची गोळी घेतली की लिहून ठेवत जा. गोळी घेतली. एवढं मोठं पान रिकामं ऱ्हायलं, म्हणून बाकीचंबी लिहिते. कोण वाचतंय.
बातमी लई मोठी. पुण्याहून लेकाचा, वैजूचा फोन. २७ तारखेला, रविवारी येतो म्हणला, सूनबाईला आन् निवूला घेऊन. दोन दिवस ऱ्हाणार! निवू आता सहा वर्षांची. फोनवर म्हणली, आजी, तुझ्याकडं क्रीमचं बिस्किट असतं का? मी म्हणलं, आजी घरी करंल की. तर म्हणली, नको, पुड्यातलंच पायजे. गुणाचं लेकरू. आजीला तरास नको म्हणून बोलली.
ठरलं. सारण भरलेली बिस्किटं करायची. जिनं सगळ्या पुणतांब्याच्या लग्नात करंज्या लाटल्या, तिला बिस्किटाचं काय अवघड.

२० एप्रिल, दुपार
गोळी घेतली. मोबाईलवर बिस्किटाचा व्हिडिओ बघितला. बाई हिंदीत बोलती, पण हातावरनं कळतं. तिनं आत चॉकलेट भरलं. आपण पुरण भरायचं. ओव्हन नसला तरी चालतं, कुकरच्या बुडाला मीठ पसरायचं, पाणी घालायचं न्हाई. पुढचं बघायच्या आत बोट कुठं लागलं काय की, निवूचा जुना व्हिडिओ सुरू झाला. कोंबडीमागं पळती त्यो. चार वेळा बघितला. ती कोंबडी आता न्हाई. निवूबी तवापासनं आली न्हाई, पण तिला शाळा असती. कोंबडीला काय शाळा नव्हती.

२१ एप्रिल
कुकरची रिंग जळाली. घरभर धूर. शेजारची सुरेखा पळत आली, म्हणली, आक्का, काय पेटवलं? म्हणलं, बिस्किटं. म्हणली, अवो, रिंग न् शिट्टी काढायची असती. मला काय माहीत नव्हतं? न्हाई काढली तर काय हुतंय, ते बघत हुते. बघितलं.

२४ एप्रिल, सकाळी
आज रिंग काढली. बिस्किटं झाली. म्हणजे जवळजवळ झाली. पुरण फुटून बाहेर आलं आन् सगळी एकमेकाला चिकटून एकच मोठं बिस्किट झालं. ताटलीतनं निघंना. उलथण्यानं काढलं.
चवीला चांगलंच असणार. खाल्लं न्हाई. पयलं बिस्किट निवूचं. नैवेद्याच्या आधी कोणी चाखतं का? आमची आई दिवाळीच्या फराळाचा वाससुद्धा घिऊ द्यायची न्हाई, नाकावर पदर धरायला लावायची.
सुरेखाच्या शेळीपुढं टाकलं. तिनं हुंगलं न् तोंड फिरवलं. आज गुरुवार, उपास असंल.

२६ एप्रिल
गोळी घेतली. वैजूचा फोन. उद्या जमत न्हाई, निवूच्या डान्सचा कार्यक्रम हाय. १ मेला सुट्टी, तवा नक्की. बरंच झालं! उद्याच आली असती तर मी काय दिलं असतं? देव बरोबर वेळ काढून देतो.
हरभऱ्याची डाळ पुन्हा भिजत घातली.

२९ एप्रिल
आज जमलं. स्टँडमागं मच्छिंद्रची भट्टी हाय. आपलं सामान न्यायचं, त्यो भाजून देतो. आमच्या लहानपणी दिवाळीला पोरी रवा, तूप, साखर घिऊन भट्टीवर नंबर लावायच्या आन् नानकट्यांचा डबा डोक्यावर घिऊन यायच्या. मी एकदा वाटंतच सहा खाल्ल्या. आईनं मोजल्या हुत्या. असू द्या.
मच्छिंद्र म्हणला, मावशी, हे पुरण न्हवं, ही आमटी हाय. त्यानंच कढईत घालून कोरडं केलं. पीठ त्यानंच मळलं, कारण माझ्या हाताला बांगड्या. भरलीबी त्यानंच, मी दोन भरली. भाजायला तर भट्टी त्याचीच. बाकी सगळं मी केलं.
चाळीस निघाली. गुलाबी, गोल, एकबी फुटलं न्हाई. त्यो म्हणला, पुरणाचं हाय, उन्हाळ्याचं दोन दिसात संपवा. पोरसवदा माणूस, त्याला काय ठावं. मी पन्नास वर्षं पुरण घालते.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)
सुरेखा आली. म्हणली, आक्का, वास गल्लीच्या टोकापतुर आला, एक तर द्या चाखायला. म्हणलं, निवूनं खाल्ल्यावर. म्हणली, चाळीसातलं एक न्हाई व्हय? म्हणलं, न्हाई. तोंड एवढंसं करून गेली. जाऊ दे. नियम म्हणजे नियम.
डबा फडक्यात बांधून वर फळीवर ठेवला.

१ मे
नवं लुगडं नेसून बसले हुते. अकराला फोन. सूनबाईची आई आली हाय, पुढल्या रविवारी बघतो. माहेरचं माणूस आलं म्हणल्यावर कसं निघणार? मीच म्हणलं, येऊ नका, ऊन लई हाय.
एकटं बिकटं काय वाटत न्हाई. टाईम कुठं हाय? डबा राखायचा असतो.

४ मे
गोळी घेतली. कोणी आलं न्हाई.

७ मे
फळीखाली उभं ऱ्हायलं की डब्याचा वास येतो. आंबूस. मुरत असंल. लोणचं न्हाई का मुरत? उघडून बघितलं न्हाई, हवा लागंल.
सुरेखा आठ दिवस बोलत न्हाई. मलाबी काय पडलेलं न्हाई. भिंतीपलीकडं ती भांडी घासती ते ऐकू येतं, तेवढं पुरं.

११ मे
वैजू म्हणला, पुढल्या रविवारी शिर्डीला येणार, तवा घरी येतो. बघा, बाबांच्या दर्शनाच्या निमित्तानं का हुईना, यायचं इकडंच हाय.
गोळी घेतली. दोनदा घेतली काय की.

१८ मे, रविवार, संध्याकाळ
आले! सव्वाचारला गाडी दारात. वैजूनं गाडी बंद केलीच न्हाई, म्हणला, आई, वीस मिनिटं, लई रात्र व्हायच्या आत पुणं गाठायचंय. निवू केवढी वाढली. माझ्या कमरंच्या वर आली.
डबा खाली काढला. फडकं सोडलं. झाकण उघडलं.
चाळीसच्या चाळीस हिरवी. वर लव आली हुती, मांजराच्या पिलावानी. निवूनं नाक धरलं. वैजू भिंतीकडं बघाया लागला. सूनबाई म्हणली, असू द्या आई, चहा करते मी. चांगली हाय पोरगी. मी झाकण लावत हुते, पण ते बसंना.
तेवढ्यात सुरेखा दारात. दुकानातनं क्रीमचा पुडा आणलेला. माझ्या हातात दिला आन् तशीच माघारी गेली. पुडा मीच फोडला. पयलं बिस्किट माझ्या हातानं निवूला दिलं. तिनं ते उकललं, मधलं क्रीम चाटून खाल्लं आन् दोन्ही बाजू माझ्या हातावर ठेवल्या. म्हणली, आजी, हे तुला. मग गाडीत बसली. हात हलवला. काच काळी हुती, पण हलवलाच असणार.
डबा उकिरड्यावर रिकामा केला. शेळी आज तिकडं बघायलाबी आली न्हाई.
आता नीट इचार केला. तिनं सारण खाल्लं, पारी ठेवली. म्हणजे लेकराला सारण भरलेलंच आवडतं. माझं पयल्यापासनं बरोबर हुतं.
सुरेखाला चहाला हाक मारली. येते म्हणली. पुडा मधी ठेवलाय. निवूच्या दोन पाऱ्या मात्र वेगळ्या काढून ठेवल्यात, त्या कोणाला द्यायच्या न्हाईत. चहात बुडवून मीच खाईन. महिना झाला बिस्किटं करते, चव अजून बघितली न्हाई.