दोन साहेब आणि आपला बंगला

इचिकावा,
१८ मे २०२५

ती. श्रीहरीकाकांना सा. न.

फोन तुम्ही उचलला नसतात, म्हणून पत्र. आम्ही ठीक. मी टोकियोतल्या एका कंपनीत टेस्टिंग करते. आमच्या लेकाला, सारंगला, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतो, वर माझे उच्चार सुधारतो. काकूंचे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या ओनो-सानचं घर देवळाच्या जमिनीवर आहे. मागच्या आठवड्यात त्या मिठाईचा डबा घेऊन करार नवा करायला गेल्या आणि हसत परत आल्या. जमीन आपली नाही याचं वाईट वाटत नाही का, मी विचारलं. "कशाला? घर माझंच आहे की," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

छावणीतल्या आपल्या बंगल्याबद्दल बारा वर्षांपूर्वी तुम्ही हेच सांगत होतात. जमीन लष्कराची, बांधकाम आपलं, पट्टा नवा करून घेऊ. बाबांचं म्हणणं, कलेक्टर कचेरीच्या पावत्या आहेत, म्हणजे जमीनही आपली. तुम्ही १८७४ च्या सरकारी पत्राचा हवाला दिलात. जुन्या कागदांची ट्रंक उघडली, तर पत्र नव्हतं. बाबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटारडा म्हटलं. तुम्ही गेलात ते गेलातच.

पत्र मी काढलं होतं, काका. आदल्या दिवशी. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि बाबांनी नचिकेतच्या घरी 'स्वतःच्या जागेत बंगला' असं सांगून ठेवलं होतं. मी ते सर्टिफिकेटांच्या फायलीत लपवलं. फायलीबरोबर ते इथे आलं. नचिकेतला कालच सांगितलं.

परवा ते पहिल्यांदा नीट वाचलं. कलेक्टर म्हणतो, भाडं माझ्या तिजोरीत यायला हवं. कर्नल म्हणतो, जमीन छावणीच्या हद्दीत, आमचं भाडं तुम्ही तुमच्या वहीत चढवलंत. दोन्ही साहेब नुसते हमरीतुमरीवर. शेवटी सरकारने जमीन लष्कराची ठरवली. पण खाली स्पष्ट लिहिलंय की बंगला खापरपणजोबांचा, भरपाईशिवाय घेता येणार नाही. ती ओळ तुम्ही वाचली होतीत. मी वाचली असती तर!

बंगला रिकामा करण्याच्या लष्कराच्या नोटिशीवर वीस जूनला सुनावणी आहे. बाबा त्याच पावत्या घेऊन निघालेत. मूळ पत्र सोबत पाठवतेय. आज बाबांना फोन करून सगळं सांगणार आहे, फार भीती वाटतेय. ते स्वतःहून तुम्हाला बोलावणार नाहीत, तुम्ही त्यांना ओळखता. तरी पत्र तुमच्याच हातून त्यांना मिळावं. खोटं तुम्ही बोलला नव्हता, हे त्यांनी तुमच्याकडे बघून वाचावं.

पूर्वी 'तुमची लाडकी' लिहायचे. आज नुसतीच,

केतकी