प्रेमराजशेठने रोट खाल्ला

७ जुलै २०२४, रविवार

स्लॅब पडला! आमच्या घराचा. ललितला फोन करून सांगितलं तर हा माणूस घाबरला – खाली कोणी होतं का म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला माझी चांगली बातमी अजून ओळखू येत नाही.

असोदा रस्त्यावरचं कोपऱ्यातलं रो-हाऊस. मागे केळीची बाग, वर आपली स्वतःची गच्ची. आता उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे वाळत घालायला घरमालकिणीची मनधरणी नको. ती बाई गच्चीला कुलूप लावते, आणि आमचे बिबडे वाळले की वाटा मागायला सगळ्यात आधी हजर असते.

माझी ड्यूटी असोद्याच्या गाडीवरच, त्यामुळे घर रोज दिसतं. तिकिटं फाडता फाडता मान वळतेच. आमचे ड्रायव्हर वनाभाऊ आज बोलले, "मॅडम, घर कोठे पयी नही जात." घर पळून थोडंच जातंय, म्हणे. हसू द्या.

२४ जुलै, बुधवार

बाजार पडलाय म्हणतात. बायपासच्या बाजूला जिकडेतिकडे बांधकामं झाली आणि घ्यायला माणूस नाही. आमच्या मागच्या ओळीतली घरं तशीच पडून आहेत, पाटीवरचा दर दोनदा खोडून खाली आणलाय.

शेजारचं घर नूर महंमदभाईंनी घेतलंय. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते काळजीत. "ताई, काम रुका है." मी म्हटलं, भाई, पावसाळ्यात कोणाचं काम चालतं? पडू दे की बाजार. आपल्याला घर विकायचंय थोडंच, राहायचंय.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं. यंदा कानबाई नव्या घरात बसवायची. सासूबाईंचाच हट्ट – "आधी कानबाईले बसाडो, मंग आपन ऱ्हावाले जाऊत." भडगावचे मोठे दीर, भाईदासभाऊ, यांचं म्हणणं घर आधी पूर्ण होऊ द्या. मी म्हटलं, भाऊ, देवी बसली की काम आपोआप पूर्ण होतं. भाऊ गप्प. माझ्यापुढे आमच्या घरात बहुतेक सगळे गप्पच बसतात.

बिल्डर प्रेमराजशेठना विचारायला मीच गेले. मूळचे धुळ्याचे, बोलायला गोड. लगेच हो म्हणाले. वर ताडपत्री आणि लाइटची सोय स्वतःकडून देतो म्हणाले. असा बिल्डर मिळायला नशीब लागतं.

११ ऑगस्ट, रविवार

हात भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काय देखणी दिसत होती कानबाई! नारळाला नथ, डोळे, गळ्यात सासूबाईंची पोत, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. प्लास्टर नसलेल्या भिंतींना बायकांनी साड्या लावल्या. सगळी भाऊबंदकी आली. हसीनाबी – नूर महंमदभाईंच्या घरच्या – दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना आत ओढून बसवलं.

संध्याकाळी प्रेमराजशेठ आले. नमस्कार केला. आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर बोलले – शेठना रोट द्या.

रोट म्हणजे काही लाडू नाही, येईल त्याच्या हातावर ठेवायला. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कणही नाही. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांनासुद्धा नाही. भाईदासभाऊंच्या कपाळावर आठी. पण मी म्हटलं, ज्याने घर बांधलं तो परका कसा?

वाटलं सासूबाई आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील. नाही! उठल्या, आत गेल्या आणि स्वतः ताटली घेऊन आल्या. शेठनी हात जोडून खाल्लं, ताटलीत पाणी घालून तेही प्यायले. म्हणाले, "वहिनी, आता मी तुमच्या घरचाच."

याला म्हणतात माणूस बांधून घेणं.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वाजतगाजत विसर्जन. घसा बसलाय. डेपोतून रजा घेतली ते बरं केलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काम पुन्हा बंद. शेठ म्हणतात, दिवाळीनंतर. फक्त वॉचमन आहे आणि त्याची बकरी. बकरी आमच्या हॉलमध्ये बांधतो. मी त्याला झापलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

नूर महंमदभाईंकडे तिथे घरं घेतलेले सगळे जमले. तक्रार करायची, सगळ्यांनी मिळून, रेरात. भाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन खाली ठेवलं.

सांगितलं सरळ – ज्याने आमच्या कानबाईचा रोट खाल्ला त्याच्यावर मी तक्रार करणार नाही. भाऊबंदावर कोणी कोर्टात जातं का? कोणीतरी मागून बोललं, भाऊबंदावरच तर जातात. हसले सगळे. हसा.

भाई म्हणाले, "ताई, आपका भरोसा अपनी जगह. पर सही कर दो." मी नाही केली. ललित माझ्याकडे बघत होता. रस्त्यात म्हणाला, करायला पाहिजे होती. मी म्हटलं, तुझं काम पंख्याच्या मोटारी बांधायचं, माणसं मी ओळखते. दिवसाला गाडीभर माणसं बघते मी. कोणाच्या खिशात पास आहे आणि कोण नुसताच खिसा चाचपतोय, मला पायरीवरच कळतं.

२ डिसेंबर, सोमवार

शेठना फोन केला. सांगितलं, मी सही केली नाही. फार खूश झाले. "वहिनी, तुमचं घर सगळ्यात आधी."

बघा म्हणावं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

तिळगूळ घेऊन शेठच्या ऑफिसात गेले. बंद होतं. शेजारच्या दुकानात ठेवून आले.

१६ फेब्रुवारी, रविवार

बातमी आहे की पूर्ण जागा कोणत्यातरी कंपनीला जातेय, गोदामासाठी. घरं विकली जात नाहीत, म्हणून शेठ मिळेल त्या भावाला जमीन काढतायत. बातमी देणारे नूर महंमदभाई. मी म्हटलं, बाकीची जात असतील, कोपऱ्यातलं घर नाही जायचं. कोपरा सोडून गोदाम बांधतील. ललित जेवताना उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

१० मार्च, सोमवार

पत्र्याचं कुंपण घातलंय. गाडीतून आता फक्त गच्चीचा कठडा दिसतो.

४ एप्रिल, शुक्रवार

आज पाडलं.

सकाळच्या फेरीला जेसीबी आमच्या दारात उभा होता. परतीच्या फेरीला गच्ची नव्हती. गाडी भरलेली, लग्नाची माणसं, एक बाई सुट्ट्या पैशांवरून भांडत होती. मी तिच्याशी भांडले, चांगली भांडले. मग मागच्या सीटवर बसले आणि रडले. वनाभाऊंनी आरशात बघितलं आणि पुढच्या थांब्यावर मुद्दाम जास्त वेळ गाडी उभी केली.

घरी आले तर ललितने कुकर लावला होता. त्याला आधीच कळलं होतं. मला म्हणाला, जेवून घे. "मी सांगितलं होतं" असं एकदा तरी म्हणाला असता तर बरं झालं असतं.

९ एप्रिल, बुधवार

सुट्टी टाकली, धुळ्याला गेले. शेठ घरीच सापडले. चेहरा उतरलेला, चहा दिला. म्हणाले, बाजाराने मलाही मारलं वहिनी. पैसे हळूहळू परत करीन. कधी ते नाही.

मी म्हटलं, शेठ, तुम्ही आमच्या कानबाईचा रोट खाल्लाय.

त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "हां हां, तो प्रसाद!"

प्रसाद म्हणे. चहा तसाच ठेवून उठले. परत येताना आपला थांबा कधी आला तेही कळलं नाही, इतकी डोक्यात आग.

१८ मे, रविवार

ज्यांनी तक्रार केली होती त्यांच्या घरांना हात लावायला मनाई आली होती. कंपनीला त्यांच्याशी बसून मिटवावं लागलं. नूर महंमदभाईंनी त्या पैशांत मेहरूणकडे छोटं घर घेतलं. आमचं नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडे आहेत शेठच्या पावत्या.

हसीनाबी पत्ता द्यायला आल्या होत्या. टोमणा मारला नाही. बिबडे दिले मी त्यांना. यंदाही घरमालकिणीच्याच गच्चीवरचे.

२२ जून, रविवार

प्रेमराजशेठचं धुळ्यात नवीन काम सुरू झालं. भूमिपूजनाचा फोटो पेपरात, गळ्यात हार.

मी शांत आहे. खरंच. ललितला म्हटलं, तू बघत राहा. कोर्टातून सुटेल, रेरातून सुटेल. रोट खाऊन घात करणारा सुटत नाही. कानबाई आपल्या हिशोबाने बघते. त्याला तो रोट पचायचा नाही, हे मी लिहून ठेवते.

डेपोत मैत्रिणी विचारतात, एवढं घर गेलं, तुला झोप कशी येते? येते. ही खात्री आहे म्हणून येते.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई, इथेच, भाड्याच्या खोलीत. सासूबाई आणि मी रोटाचे गहू मोजत बसलो होतो. मी म्हटलं, यंदा परक्याला नाही द्यायचा. त्या प्रेमराजला दिला तो दिला, आता भोगेल.

सासूबाईंनी मान वर केली. "त्याले कोठे रोट दिधा? परकाले देतस का कोनी? बाजूनी कणीकनी साधी पोयी व्हती ती."

साधी पोळी! रोट नव्हताच. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? वर्षभर?

"तू इचारं का?" म्हणाल्या, आणि पुढची मूठ सुपात टाकली.

म्हणजे त्याला काही व्हायचंही नाही.