इशानचे मेल मी लिहिते

मंगळ. ३ मार्च

इशान प्रॅक्टिसहून आला, सोफ्यावर आडवा झाला आणि मोजे काढता काढता म्हणाला, "I think I'm switching." मोज्यांतून टर्फचे काळे रबराचे दाणे कार्पेटवर. आईला आधी ते दिसले.

"अरे बाहेर झटक! आणि काय स्विच करतोयस?"

कॉलेज. अमेरिकेत, ओहायोच्या कोचला त्याने नोव्हेंबरात हो म्हटलंय. फुटबॉल स्कॉलरशिप, सही व्हायचीय, सध्या नुसता शब्द. आता कॅरोलायनातल्या दुसऱ्या कॉलेजचा फोन आला. मोठं कॉलेज, मोठं स्टेडियम. त्यांनी म्हणे त्याचा व्हिडिओ पाहिला. चार मिनिटांचा.

बाबांनी चालू मीटिंगमध्ये लॅपटॉप मिटला.

मी कंप्युटर सायन्स सोडतेय म्हटलं होतं तेव्हा नुसतं म्यूट केलं होतं.

बुध. ४ मार्च

मी बदललं ती धरसोड. त्याने बदललं ते ऑप्शन्स.

बाबा पुण्याला काकाशी फोनवर, जिन्यापर्यंत ऐकू येईल असे: "मागणी आहे रे त्याला!" याच काकाला माझ्या वेळी काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. "बघू आता, काय म्हणते ती." सहा वर्षं झाली. अजून बघतायत.

शुक्र. ६ मार्च

इथे कोणी वाचणार नाही, तर खरं लिहावं.

गेल्या वर्षी कोच लोकांना पाठवायला इशानने मेल लिहिला होता: Hi coach, I am left winger, I am very fast. मी तो पुसला. त्याच्या नावाने दुसरा लिहिला. इथे हॉलंडात, आमच्या झूटरमेरच्या ग्राउंडवरच्या वाऱ्याबद्दल. गोलकीपरने उंच मारलेला बॉल अर्ध्यातून वळतो आणि त्याच्याच हातात परत येतो. म्हणून इथली मुलं बॉल जमिनीलगत ठेवायला शिकतात, आणि कोणाला ती स्टाइल वाटते. एवढंच.

ओहायोच्या कोचचं, वॉल्टचं, तीन तासांत उत्तर. "हे मी बायकोला वाचून दाखवलं."

त्यानंतर अकरा मेल. प्रत्येकाच्या शेवटी तो विचारतो, आज वारा कसा आहे? आणि मी खिडकी उघडून खरंच बघते.

माझी कादंबरी (फक्त प्रश्नांची, एकही उत्तर नाही) आठ ठिकाणांहून परत आलीय. नववं ठिकाण गप्पच. म्हणजे जगात मला एक वाचक आहे. तो ओहायोत राहतो आणि त्याला वाटतं मी अठरा वर्षांचा लेफ्ट विंगर आहे.

कॅरोलायनाला माझं एक वाक्यसुद्धा लागलं नाही. चार मिनिटं पाय बघितले नि झालं.

याला हेवा म्हणतात. लिहून टाकलं. कमी झालेलं नाहीये.

मंगळ. १० मार्च

शेजारची मरायके सायकल थांबवून, दोन्ही हातांनी माझा हात धरून: "खेफेलिसिटेर्ड, तुझ्या भावाबद्दल!" इथे असंच असतं. वाढदिवस एकाचा, अभिनंदन अख्ख्या घराचं. आईने कुंपणावरून सांगितलेलं दिसतंय, अमेरिकेला चाललाय म्हणून.

डांक-य, म्हटलं. अजून काय म्हणणार. माझ्याबद्दल इशानचा हात कोणी कधी धरला नाही.

गुरु. १२ मार्च

जेवताना इशान: "ताई, can you write Walt? Like, nicely? की मी येत नाही."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "मेल नाही. फोन. शब्द तोंडाने दिला होतास ना? मग तोंडानेच परत घे."

"Ja ja. Straks."

या घरात straks म्हणजे बघू नंतर, म्हणजे कधीच नाही.

कॅरोलायनाचा कागद यायचाय. फोनवर सगळं गोड, पण लेखी काही नाही. तो येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. ओहायो हातातून जायचं आणि कॅरोलायना यायचं नाही, असं झालं तर दोन्हीकडून गेला. हे आईने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.

रवि. १५ मार्च

मराठी मंडळाच्या भावे काकांचा फोन. पाडव्याच्या कार्यक्रमात इशानचा सत्कार, शाल-श्रीफळ. "आणि मुक्ता, मानपत्र तूच लिही हं. तू लिहितेस ना काहीतरी?"

काहीतरी.

"युनिव्हर्सिटी कुठली घालायची?"

मी कांदा चिरत होते. सुरी थांबली तेवढाच काय तो विचार केला असेल.

"कॅरोलायना," म्हटलं. स्पेलिंगपण दिलं.

सोम. १६ मार्च

मला माहीत होतं. मंडळाच्या पेजवर प्रत्येक फोटोला सगळ्यांना टॅग करतात, कॉलेजलाही करतील, इशानलाही. आणि इशानला वॉल्ट फॉलो करतो.

काल लिहिलं तेव्हा हे वाक्य गाळलं होतं.

भावे काकांना फोन करून नाव बदला म्हणता येईल अजून. पाच दिवस आहेत.

गुरु. १९ मार्च

पाडवा. आईने गॅलरीत गुढी उभारली, वाऱ्याने गडू दोनदा पाडला. दुपारी भावे काकांना मानपत्र पाठवलं. नाव तेच.

शनि. २१ मार्च

हॉल. एमर्जन्सी दाराशी काही ठेवायचं नाही म्हणून मंडळाची गुढी टॉयलेटच्या बाजूला. श्रीखंड बरं होतं.

भावे काकांनी मानपत्र वाचलं, माझंच वाक्य, माझ्याच स्वल्पविरामांवर अडखळत. कॅरोलायना आलं तेव्हा इशानने मान वर केली. मग टाळ्या. त्याने नारळ थ्रो-इनसारखा दोन्ही हातांनी धरला होता. आई रडली. फोटो. अजून एक फोटो. सगळे पुढे या.

एक काकू: "आणि तू काय करतेस गं सध्या?"

"लिहिते."

"हो, ते झालं. पण करतेस काय?"

परतताना गाडीत इशान: "Who told them Carolina?"

आई: "अरे मंडळात काय लपतं का? कोणीतरी बोललं असेल."

कोणीतरी खिडकीतून हरितगृहांच्या काचा बघत होतं.

सोम. २३ मार्च

इशानचा इनबॉक्स मीच उघडते. वॉल्ट. "फोटो पाहिला. शाल छान आहे. खरं आहे का? फोन कर."

वाऱ्याबद्दल काही नाही.

मंगळ. २४ मार्च

सांगून टाकलं. इशान मागच्या शेडमध्ये सायकलमध्ये हवा भरत होता.

"भावे काकांना मी सांगितलं."

"I know."

"कसं?"

"ताई, come on. त्यांच्याशी फक्त तूच फोनवर बोलतेस. आई त्यांचा फोन उचलतच नाही."

मग पंप सोडून म्हणाला, "Walt ला सांगायला मला भीती वाटत होती. आता त्याला कळलं. So. Thanks, actually."

थँक्स! आयुष्यात एकदा ठरवून वाईट वागले, तेही त्याच्याच उपयोगी पडलं. हवा भरून तो सायकलवर बसून गेलासुद्धा. मी शेडमध्ये पंप धरून.

बुध. २५ मार्च

कॅरोलायनाकडून: any day now. तीन आठवडे any day now.

इशान आज जेवला नाही. आईने दोनदा ताट गरम केलं.

गुरु. २६ मार्च

फोन झाला. किचनमध्ये, स्पीकरवर. बाबा फ्रिजला टेकून, आई पोळी लाटता लाटता थांबून, मी ओट्याशी.

इशानला शब्दच सुचेनात. "Yeah, so, it's like, uhm." वॉल्टचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा. ओरडला नाही. म्हणाला, मी रागावलोय, पण जागा उद्या संध्याकाळपर्यंत ठेवतो, त्यानंतर दुसऱ्या मुलाला देईन, त्यालाही घर आहे, त्याचेही आईबाप वाट बघतायत. काय ते लिहून कळव.

"बोलण्यापेक्षा लिहिताना तू जास्त तू असतोस," म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आत्ता कळलं बहुतेक.

फोन ठेवल्यावर बाबा: "कॅरोलायनाचा कागद नाही. उद्या नाही म्हणालास आणि तो आलाच नाही, तर इथेच. एक वर्ष गेलं. समजतंय?"

"समजतंय."

"मग?"

इशानने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांचा असताना, इथे आल्या आल्या, शाळेच्या दारात बघायचा तसा. मी तेव्हा तेरा. मलाही डच येत नव्हतं, पण त्याला ते माहीत नव्हतं.

"ताई, दोन लिही. एक येतो म्हणून, एक येत नाही म्हणून. मी वाचतो. जो खरा वाटेल तो पाठवू."

"असं नसतं ठरवायचं," बाबा.

"Then you decide."

बाबांनी फ्रिज उघडला, परत लावला.

शुक्र. २७ मार्च, सकाळ

दोन्ही लिहून झाले. नऊ वाजलेत. इशान आंघोळीला गेलाय, आल्यावर वाचणार.

'येतो' लिहायला दीड तास लागला. माफी, स्टेडियमचा मोह, अठरा वर्षं, वगैरे. सगळं बरोबर आहे. इशानने लिहिल्यासारखं वाटतं आणि कोणीच लिहिल्यासारखंही वाटत नाही. वॉल्ट मोठ्या मनाचा आहे, तो घेईल. मग इशान ओहायोला जाईल, तोवर मेल चालू राहतील, आणि मी खिडकी उघडत राहीन. मला हेच हवंय. अगदी हेच हवं होतं, पंधरा तारखेपासून, कांदा चिरतानासुद्धा. वॉल्टला कळावं, त्याने इशानला परत ओढून घ्यावं, म्हणजे माझा वाचक राहील.

'येत नाही' वीस मिनिटांत झाला. सुरुवात केली इशानसाठी आणि तिसऱ्या ओळीनंतर मीच वॉल्टचा निरोप घेत होते. तुम्ही प्रत्येक वेळी विचारलंत म्हणून मी प्रत्येक वेळी बघितलं, असं एक वाक्य आहे त्यात. गेल्या दोन वर्षांत इतकं चांगलं काही उतरलं नाहीये.

हाच जो वाचेल त्याला खरा वाटणार. इशानलाही वाटेल. आणि कॅरोलायनाचा कागद नाहीये, आत्ता परत इनबॉक्स बघितला, नाहीये.

ते वाक्य काढून बघितलं. मेल पडतो. परत घातलं. 'येतो'मध्ये घालून बघितलं. तिथे खोटं वाटतं.

प्रिंट काढल्या, स्क्रीनवर त्याचं लक्ष राहत नाही. टेबलावर ठेवल्या. 'येत नाही' वर होता, खाली सरकवला. मग वाटलं खालचाच आधी उचलेल तो, सवय आहे. शेजारी शेजारी ठेवले.

शॉवर बंद झाला.

"ताई? Zijn ze klaar?"

हो, म्हटलं. झालेत तयार. ये.