पारूचं शिंगरू

स्टड फार्म, पलूसचा माळ
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस आण्णांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग राजवर्धनरावांना दाखवशील, की बघा, तुमच्या सासऱ्यांना अजून फोन परवडत नाही. फोन आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. फौजेत असताना सगळी नोकरी मी तुझ्या आईला पत्रं लिहीत काढली, त्यामुळं कागद पुढं घेऊन बसलं की मला नीट सुचतं.

इकडं सगळं ठीक आहे. ऊस तुटून गेला, खोडवा चांगला फुटलाय. थंडी सरली.

आता मुद्दा. तू बाळंतपणाला इकडं येणार असं आपलं ठरलं होतं. तर घराला रंग काढलाय. त्याचा वास तुला सोसायचा नाही. शिवाय स्वयंपाकघरातली फरशी उखडलीय, नळाला पाणी एक दिवसाआड येतंय, आणि आई शिराळ्याला मावशीकडं गेलीय, मावशीचा गुडघा धरलाय. कऱ्हाडला दवाखाने चांगले आहेत, तुमच्या घरापासून चालत जाता येतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज खरा, पण रिवाज माणसांनीच पाडलाय, माणसांनी एकदा मोडला तर काही बिघडत नाही. तुझ्या सासूबाईंना मी वेगळं कळवतो.

स्टडची बातमी न सांगता पत्र संपवलं तर तू म्हणशील, आण्णांचं काहीतरी बिनसलंय. डोहाळजेवणाच्या गडबडीत तुला सांगायचं राहिलं, पारू गेली. कागदोपत्री तिचं नाव विंटर पर्ल, पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर लोक त्याच नावानं ओरडायचे, पण आमच्या माळावर आली आणि पारू झाली. जानेवारी संपता संपता व्याली. शिंगरू सुखरूप बाहेर आलं आणि तिला आत रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर हजर होते, मी होतो, कुणाचं काही चाललं नाही. शिंगरू मोठ्या नावाजलेल्या घोड्याचं. स्टडचे मालक शेठ मुंबईहून फोनवर एकच सांगत होते, लालासाहेब, काहीही करा पण ते जगवा. ते तर बाटलीला तोंड लावेना, आणि दुसरी दुभती घोडी त्या वेळी आपल्याकडं नव्हती.

तेव्हा मला तात्याबा आठवला. आटपाडीकडचा धनगर, दरसाल मेंढरं घेऊन आपल्या शिवारात उतरतो तो. त्याच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहणारी घोडी आहे, मैना. तिचं शिंगरू नुकतंच मेलं होतं. मी गाडी घेऊन गेलो आणि मैनेला आणली. तात्याबानं पैशाचं नावसुद्धा काढू दिलं नाही, दुधाचं काय घ्यायचं म्हणाला.

पण घोडी परकं शिंगरू जवळ करत नाही, लाथेनं उडवते. तात्याबाकडं त्याचा इलाज होता. त्यानं कमरेची बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी काढली, मैनेच्या दोन्ही नाकपुड्यांना भंडारा फासला आणि शिंगरालाही मानेपासून शेपटीपर्यंत माखलं. तिला दुसरा कुठला वासच येईना. थोड्या वेळानं तिनं त्याला प्यायला घेतलं. मग ती पिशवी माझ्याकडं देऊन तात्याबा मेंढरांकडं गेला, आणि रोज सकाळी मैनेच्या नाकाला भंडारा लावायचं काम माझ्याकडं आलं. पिवळ्या नाकाची घोडी बघून आमचे डॉक्टरसुद्धा हसले.

असो. घोड्यांचं पुरे.

हल्ली हात सारखे धुवावेसे वाटतात, वयाचं असेल. तुला ताप, अंगावर फोड, कुठं गाठ, असं काही नाही ना? सहज विचारतो. आणि तुमचा देव्हारा एकदा आवर. देवाच्या जुन्या पुड्या फार दिवस घरात ठेवू नयेत म्हणतात.

तू येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस.

तुझे
आण्णा


कऱ्हाड
२२ फेब्रुवारी

ती. आण्णांना साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस म्हणता, म्हणून आधी रागावून घेते आणि मग बाकीचं लिहिते. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा पत्राला पत्रानंच उत्तर.

मावशीचा गुडघा ठणठणीत आहे. मी शिराळ्याला फोन केला, ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. आईला तुम्हीच तिकडं धाडलंय, बोलावल्याशिवाय येऊ नको म्हणून. फोनवर ती रडते आणि कारण सांगत नाही. घराला रंगबिंग काही काढलेला नाही, तेही शेजारच्या ज्योतिबाकाकांनी सांगितलं. ट्रॉलीभर चुना तेवढा आलाय म्हणे, तोसुद्धा सगळा स्टडवर गेला. आता घोड्यांना चुना लावताय का?

आण्णा, काय झालंय? सासूबाई चांगल्या आहेत, पण काल त्यांनीही विचारलं, माहेरी काही बोलाचाली झाली का. मी काय सांगू? फरशी उखडलीय म्हणून सांगितलं. त्यांनी पुढं विचारलं नाही, म्हणजे त्यांना ते पटलं नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पहिली वेळ आहे. लहानपणी तुमच्याबरोबर स्टडवर यायचे तेव्हा बघितलंय, घोडी अडली की तुम्ही तिच्या कानाशी बसून हळू बोलत राहायचा, आणि ती शांत व्हायची. दवाखान्यात तुम्हाला कुणी आत सोडणार नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसलाय एवढं कळलं तरी मला पुरे.

ताप नाही. कपाळावर एक पुटकुळी आलीय, ती घामाची असेल. आणि देव्हाऱ्यातली पुडी मी मुळीच टाकणार नाही. डोहाळजेवणाला तुम्हीच तर ती बांधून दिलीत. रोज आंघोळ झाली की त्यातला भंडारा कपाळाला लावते आणि चिमूटभर जिभेवर ठेवते. तेवढंच माहेर म्हणायचं.

पुढच्या रविवारी येते आहे. गाडी ठरवलीय. फरशीवर नसेल तर अंगणात झोपेन.

तुमची हट्टी
उत्कर्षा


२७ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा,

हे पत्र तुझ्या हातात येणार नाही. लिहून झालं की मी काचेला धरीन, माझा फोन साधा, म्हणून पलीकडून सिस्टर त्यांच्या मोबाइलवर फोटो काढतील आणि राजवर्धनरावांना पाठवतील. कागद इथंच जाळतील. माझं आधीचं पत्र तुझ्याकडं असेल तर तेही त्यांना जाळू दे. तू हात लावू नकोस.

मी सांगलीला दवाखान्यात आहे, वेगळ्या खोलीत. तुझं पत्र ज्योतिबानं इथं आणून दिलं. ते वाचलं आणि मी राजवर्धनरावांना फोन केला. त्यामुळं ते कॉलेजातून तसेच उठून घरी आले आणि एक शब्द न बोलता देव्हाऱ्यातली पुडी उचलून घेऊन गेले. तू त्यांच्याशी भांडलीस, दिवसभर जेवली नाहीस, असं कळलं. त्यांचा दोष नाही. तुला काही सांगू नका, मी सांगतो, असं मीच म्हटलं होतं. आणि ते लिहायला बसायचा धीर मला आज झाला.

मैनेला ग्लँडर्स होता. घोड्यांचा रोग आहे, माणसालाही होतो. घोड्याला त्यावर औषध करत नाहीत. सरकारी नियमानं ते जनावर संपवायचं आणि खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. चुना त्यासाठी आला होता.

बाहेरचं कुठलंही घोडं रक्त तपासल्याशिवाय स्टडच्या फाटकातून आत घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नवीन पोरं कामाला आली की त्यांना तो मीच शिकवतो. रक्त तपासायला हरयाणात जातं, निकालाला दिवस लागतात, आणि शिंगराकडं दिवस नव्हते. मी स्वतःची समजूत घातली, की तात्याबाचं घोडं मोकळ्या रानात फिरतं, त्याला काय होतंय. कुठल्या जत्रेत कुठल्या आजारी घोड्याशेजारी ती बांधली गेली असेल, कुणास ठाऊक.

या रोगात घोड्याच्या नाकातून पिवळा चिकट शेंबूड येतो. आंधळ्यालासुद्धा दिसेल असा. आम्हाला दिसला नाही, कारण तिचं नाक आम्हीच पिवळं करून ठेवलं होतं. रोज सकाळी मी या अंगठ्यानं तिला भंडारा लावायचो. कालचा भंडारा चिकट लागायचा, तेव्हा वाटायचं, श्वासाच्या ओलीनं भिजला असेल. दाराच्या कडीनं अंगठ्याला चीर पडली होती, तिच्याकडं मी बघितलंही नाही. मग एके दिवशी मैनेनं नाक माझ्या बाहीला पुसलं. भंडारा निघून गेला आणि त्याच्याखाली तसंच पिवळं होतं. फौजेच्या घोड्यांत मी हे एकदा बघितलंय. मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तुला पहिलं पत्र लिहिलं ते यानंतर. रक्त गेलं होतं, निकाल यायचा होता, आणि मी तुला फरशीच्या गोष्टी सांगत बसलो होतो. निकाल चांगला येईल आणि काहीच सांगावं लागणार नाही, अशी आशा होती.

आता खरी गोष्ट. तुझ्या डोहाळजेवणाला मी स्टडवरून उशिरा आलो. माझे हात पिवळे बघून आई बायकांत म्हणाली, घोडीचं हळदीकुंकू उरकून आले. सगळ्या हसल्या, मीही हसलो. नळावर हात धुतले. पण खिशात तात्याबाची तीच पिशवी होती. रोज मैनेच्या नाकाला लावायचा आणि तोच अंगठा पुन्हा त्या पिशवीत बुडवायचा, असं माझं चाललं होतं. पिशवी देताना तात्याबा मनापासून म्हणाला होता, लेकीलाबी लावा, सुकानं मोकळी हुईल. मी तुझ्या कपाळाला लावला. चिमूटभर तुझ्या तोंडात घातला. उरलेल्यातला पुडीत बांधून तुझ्याबरोबर दिला.

रोज लावते, जिभेवर ठेवते, हे तुझ्या अक्षरात वाचलं आणि मी खाटेवरून उठून उभा राहिलो. कुठं जायचं ते कळेना. या खोलीचं दार बाहेरून बंद असतं.

मला ताप आहे. अंगठा चिघळलाय, काखेत गाठ आलीय. औषधं सुरू केलीत, बरेच महिने घ्यावी लागतील म्हणतात. माझ्या रक्ताचा निकाल यायचा आहे. आईचा चांगला आला, तात्याबाच्या बिऱ्हाडातल्या सगळ्यांचा चांगला आला. तुझ्याबद्दल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कोरड्या हळदीत हे जंतू फार काळ जगत नसावेत, धोका कमी आहे. कमी म्हणजे किती, मी विचारलं. कमी, म्हणाले. मग मी तुझ्या कपाळावरच्या पुटकुळीचं सांगितलं. ते लगेच फोन करायला बाहेर गेले.

उद्या सकाळीच राजवर्धनरावांबरोबर दवाखान्यात जा. तिथल्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, ते वाट बघताहेत. रक्त दे, पुटकुळी दाखव, मी लिहिलंय त्यातलं काही लपवू नकोस. माझी लाज राखायची म्हणूनही लपवू नकोस. पुटकुळी खाजवू नकोस, फोडू नकोस. बाळाला चालतील अशी औषधं आहेत का, हे मी इथं विचारलं. असतील ती देऊ म्हणाले. रविवारची गाडी रद्द कर. हट्ट मला तुझा आवडतो, पण या वेळी माझं ऐक.

मला इथं आणलं त्याच्या आदल्या दिवशी मैनेला आणि शिंगराला संपवलं. शिंगराचं रक्तही वाईट आलं होतं. ते एव्हाना इतकं धीट झालं होतं, की माझ्या सदऱ्याची टोकं ओढायचं. घोडी सांभाळणारे मोतद्दार सगळे घाबरले होते, कुणी पुढं होईना. मी म्हटलं, मी धरतो, माझं व्हायचं ते होऊन गेलंय. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणाला? तात्याबाला तारेच्या कुंपणाबाहेर थांबवलं होतं. तिथून तो म्हणाला, "आदी आईला घ्या. लेकरू पडल्यालं तिला दावू नगा."

मी मैनेला आधी धरलं. तिच्या कानाशी बोलायला गेलो आणि काय बोलावं ते सुचलं नाही.

तात्याबानं मला एका शब्दानं दुखवलं नाही. त्याची घोडी मी नेली आणि मारली, आणि तो मलाच म्हणत होता, अंगठा दाखवा कुणालातरी. भंडाऱ्याचं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. तो देवाची पिशवी कमरेला बांधून जन्मभर चाललाय.

उत्कर्षा, मला लय भीती वाटते. माझ्या निकालाची वाटते, वाटत नाही असं लिहिलं तर तू ओळखशील. पण त्याचं मी काहीतरी करीन. तुझ्या निकालाचा विचार आला की देवाचं नाव घ्यावंसं वाटतं, आणि घ्यायला धजत नाही. आजवर माझ्या हातून कितीतरी घोड्या मोकळ्या झाल्या. हे हात चांगले आहेत, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं.

तुझा निकाल चांगला आला तर तू स्वतः फोन कर आणि हवं तेवढं भांड. वाईट आला तर राजवर्धनरावांना करू दे. फोन वाजला की कुणाचं नाव दिसतं, त्यावरून मला कळेल. मोबाइल मी उशाशी पालथा घालून ठेवलाय.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला की तुझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं होतं, म्हणून या वेळी लिहीत नाही.

लांबूनच,
आण्णा