हिरवळीतल्या दूर्वा

मंगळवार, २६ ऑगस्ट

हिरवळीवर कीटकनाशकाचे दाणे पसरून झाले होते, वरून पाणी मारत होते, तेव्हा सासूबाई परडी घेऊन पायरीवर आल्या. "उद्या गणपती. दूर्वा खुडून ठेवते."

हातात पाइप तसाच राहिला. हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली होती, औषध टाकणं भागच होतं. हातमोजे, माप, वारा, पाकिटावरचं सगळं पाळलं. दूर्वा मात्र डोक्यातच आल्या नाहीत. कशा आल्या नाहीत? आत्ताच औषध टाकल्याचं त्यांना सांगितलं.

"धुऊन घेईन," त्या म्हणाल्या.

"आई, हे मुळांतून आत शिरतं. नैवेद्यावर दूर्वा ठेवायच्या आणि तोच आपण खायचा?"

"बाजारच्या दूर्वा धड तीन पानांच्या नसतात. इथे बंगालात, बालीगंजात चाळीस वर्षं विकत आणल्या नाहीत."

"यंदा आणू."

त्या रिकामी परडी घेऊन आत गेल्या. वाईट वाटलं. पण दूर्वांना नाही म्हटलं ते बरोबरच.

बुधवार, २७ ऑगस्ट

सकाळी फाटकाशी सासूबाईंचा आवाज आला. रोज दूर्वा न्यायला येणाऱ्या शेजारच्या मासिमांना बंगालीत बजावत होत्या, सूनबाईने औषध टाकलंय, गवताला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या परडीत बाजारच्या दूर्वा होत्या.